उधळलेली देणगी आणि पुरलेली देणगी

सामान्य काळातील ३३ वा रविवार
शुभवर्तमान : मत्तय २५:१४-३०



सोयाबीन निघून वावरं मोकळी झाली की आपल्या पोहरादेवी-मानोरा भागात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. दिवसभर सामने आणि संध्याकाळी पानठेल्यावर त्यांची चर्चा. बोलता बोलता गोष्ट गावच्या सामन्यावरून देशाच्या संघावर जाते आणि तिथून एका जुन्या वादावर येऊन थांबते : सचिन मोठा की विनोद कांबळी? एक जण म्हणतो, "टॅलेंट पाहिलं तर कांबळीच वरचढ होता." दुसरा लगेच उत्तर देतो, "टॅलेंट असून काय कामाचं? ॲटिट्यूड नव्हता." ज्या मुलांचा जन्मही त्या काळी झाला नव्हता, तीसुद्धा या वादात हिरीरीने भाग घेतात.

आजच्या शुभवर्तमानाच्या प्रकाशात आपण हाच वाद थोडा तपासून पाहू या. क्रिकेटचा निकाल लावणे हे धर्मगुरूचे काम नाही. पण या वादात आपण एका माणसाच्या आयुष्याचा न्याय करत असतो, आणि तसे करताना नकळत स्वतःविषयीही काहीतरी सांगून जातो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. दोघेही रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहायला आला होता, तर विनोद कांजुरमार्गहून लोकलने यायचा. पुढे १९९३ साली विनोदला कसोटी संघात जागा मिळाली. त्याने मुंबईत इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७ धावा काढल्या. त्याच वर्षी श्रीलंकेत आणखी दोन शतके केली. अवघ्या १४ डावांत त्याच्या हजार कसोटी धावा पूर्ण झाल्या. इतक्या कमी डावांत दुसऱ्या कोणाही भारतीयाला हे जमलेले नाही. आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, तो आपला शेवटचा कसोटी सामना खेळला.

१७ कसोटी सामने, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. सचिनचे २०० कसोटी सामने, १५,९२१ धावा, सरासरी ५३.७८. विनोदचे चाहते सरासरीकडे बोट दाखवतात, सचिनचे चाहते सामन्यांच्या संख्येकडे. कोणी म्हणतो, उसळत्या चेंडूपुढे त्याचे तंत्र कमी पडले. कोणी म्हणतो, निवड समितीने त्याच्यावर अन्याय केला. कोणी म्हणतो, यश डोक्यात गेले. एका माणसाच्या आयुष्यात हे सगळे किती प्रमाणात मिसळले होते, हे पानठेल्यावर बसून ठरवता येत नाही. तरीही आपण दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतो.

आता शुभवर्तमानाकडे वळू. या वादात आपण जो 'टॅलेंट' शब्द वापरतो, तो मुळात याच दृष्टांतातून आलेला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. येशूच्या काळी टॅलेंट हे गुणाचे नाव नव्हते, ते वजनाचे माप होते. एक टॅलेंट चांदी म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर एक टॅलेंट म्हणजे मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई! ज्या दासाला 'फक्त एकच' मिळाले असे आपण म्हणतो, त्याच्याही हातात धन्याने केवढी मोठी रक्कम ठेवली होती ते पाहा. पुढे याच दृष्टांतामुळे युरोपातील भाषांत 'टॅलेंट' म्हणजे उपजत गुण असा अर्थ रूढ झाला. म्हणजे ज्याला आपण माणसाची मालमत्ता समजतो, ते मुळात दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेले धन आहे. संत पौल करिंथकरांना हाच प्रश्न विचारतो : तुझ्याजवळ जे आहे, त्यातले न मिळालेले असे काय आहे? आणि मिळालेलेच असेल, तर स्वतः कमावल्यासारखा अभिमान कशाला?

टॅलेंट म्हणजे काय ते समजले. मग ॲटिट्यूड, म्हणजे वृत्ती, म्हणजे काय? साधारणपणे आपण म्हणतो : शिस्त, कष्ट, वेळेवर झोप, वेळेवर सराव. ते खरेच आहे. सद्गुण हा सवयीने अंगी बाणतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी तो विचार ख्रिस्ती शिकवणुकीत आणला. आचरेकर सर सरावाच्या वेळी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करणाऱ्याला ते मिळे आणि तो नाबाद राहिला तर त्याला. रुपया लहान, पण त्यातून दिवसभर न थकता उभे राहण्याची सवय लागली. याच सरांच्या तालमीत वाढलेले चंद्रकांत पंडित पुढे आपल्या विदर्भ संघाचे प्रशिक्षक झाले आणि २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन हंगाम विदर्भाने रणजी करंडक जिंकला. शिस्तीने काय घडते हे आपण आपल्याच मातीत पाहिले आहे.

परंतु दृष्टांतातला तिसरा दास पाहा. तो बेशिस्त नव्हता. त्याने दारू प्यायली नाही, जुगार खेळला नाही, धन्याचा एक पैसाही उडवला नाही. उलट त्याने धन जपून ठेवले आणि जसेच्या तसे परत आणून दिले. गावात अशा माणसाला आपण सज्जन म्हणू. मग धन्याने त्याला बाहेर का घातले?

त्याचे उत्तर त्याच्याच तोंडी आहे. तो धन्याला सांगतो की, तू कठोर माणूस आहेस हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो आणि तुझे धन जमिनीत पुरले. वृत्तीचा खरा बिघाड इथे आहे. ज्याने वीस वर्षांची मजुरी एका क्षणात विश्वासाने हाती दिली, त्याला हा कंजूष आणि निर्दय समजला. देणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीच चुकली आणि मग देणगी ओझे झाली.

याच्या शेजारी संत लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्र उभा करा. त्याने काहीही पुरले नाही. त्याने सगळे उधळले. ॲटिट्यूडच्या परीक्षेत तो सपशेल नापास. पण डुकरे राखताना, उपाशीपोटी, त्याला बापाच्या घरची भाकर आठवली. बाप आपल्याला दारातून हाकलून देणार नाही, निदान चाकर म्हणून तरी ठेवील, एवढा भरवसा त्याच्यात शिल्लक होता. तो उठला आणि चालू लागला. बाप धावत त्याच्याकडे आला. उधळणारा घरात आला आणि जपून पुरणारा बाहेर राहिला! उधळणे बरे, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या मुलाने किती सोसले ते शुभवर्तमान लपवत नाही. अर्थ एवढाच की, देणाऱ्यावर ज्याचा विश्वास आहे त्याच्यासाठी वाट उरते.

जुन्या करारात शमशोनाची कथा आहे. त्याच्याइतके बळ कोणाला मिळाले नव्हते आणि त्याच्याइतके बेफिकीरपणे कोणी ते वापरले नाही. शेवटी डोळे गेले आणि शत्रूच्या तुरुंगात जाते ओढण्याची पाळी आली. पण शास्ते या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात एक लहानसा उल्लेख येतो : त्याचे मुंडलेले केस पुन्हा वाढू लागले. आणि नव्या करारात इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वासाने जगलेल्यांची यादी दिली आहे, त्या यादीत शमशोनाचेही नाव आहे. देवाने त्याच्या आयुष्याचा हिशेब केवळ चुकांवरून मांडला नाही.

बंधुभगिनींनो, ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या समारंभाची चित्रफीत आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. विनोद प्रकृतीने खचलेला, खुर्चीत बसून होता. सचिन स्वतः उठून त्याच्यापाशी गेला आणि त्याचा हात हातात घेतला. त्याच महिन्यात विनोदला भिवंडीजवळच्या एका रुग्णालयात दाखल करावे लागले. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडूंनी त्याला उपचारांसाठी मदत करण्याची तयारी दाखवली. आम्ही आधार देऊ, पण आधी त्याने स्वतःला सावरायला हवे, असे कपिल देव यांनी स्पष्ट सांगितले. या बोलण्यात दया आहे आणि सत्यही आहे. दयेशिवाय सत्य माणसाला चिरडते, आणि सत्याशिवाय दया त्याला आहे तिथेच ठेवते.

आणि ती चित्रफीत पाहून आपण काय केले? कोणी हळहळले, कोणी हसले, कोणी पुन्हा तोच वाद काढला. उधळ्या पुत्राच्या कथेतला थोरला भाऊ आठवा. घरात मेजवानी चालू होती आणि तो बाहेर उभा राहून धाकट्याचा हिशेब मांडत होता. पानठेल्यावरचा आपला वाद पुष्कळदा त्या थोरल्या भावाचाच वाद असतो. शिवाय दुसऱ्याने वाया घालवलेल्या टॅलेंटविषयी बोलत राहिले की आपण पुरलेल्या टॅलेंटची आठवण होत नाही. ज्याने २२७ धावा काढल्या तो निदान मैदानात उतरला होता. आपल्याला मिळालेला गोड गळा गायनवृंदात कधी ऐकू आला? दहावीपर्यंत शिकलेल्या बहिणीने शेजारच्या मुलांना कधी पाढे शिकवले? ज्याच्या शब्दाला भावकीत वजन आहे, त्याने बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांमध्ये कधी समेट घडवला? "आपल्याला काय करायचं, उगीच नावं ठेवतील", ही भीती म्हणजेच तो खड्डा. त्यात धन सुरक्षित राहते, पण वाढत नाही.

हा विषय आपल्या घरांपासून दूर नाही. पोहरादेवी ही संत सेवालाल महाराजांची समाधीभूमी. व्यसनापासून दूर राहा, ही शिकवण इथल्या तांड्यातांड्यात सांगितली जाते, आणि आपल्या बंजारा शेजाऱ्यांकडून ती आपणही आदराने घ्यावी. तरी प्रत्येक वस्तीत एखादा असा असतोच की ज्याच्याविषयी लोक म्हणतात, "पोरगा हुशार होता, पण वाया गेला." हे वाक्य त्याची आई रोज ऐकते. तो स्वतः ते इतक्या वेळा ऐकतो की शेवटी त्याला तेच आपले नाव वाटू लागते. आपल्या बोलण्याने आपण त्याच्या मनात कठोर धन्याचे चित्र पक्के करतो : या दारात मला जागा नाही. मग तो उठून चालू लागेल कसा?

म्हणून या आठवड्यासाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, आईवडिलांसाठी. दोन मुलांची एकमेकांशी तुलना करू नका. पाच हजार कमावणाऱ्या आणि दोन हजार कमावणाऱ्या दासांना धन्याने एकाच शब्दांत शाबासकी दिली. त्याने बेरीज पाहिली नाही, निष्ठा पाहिली.

दुसरी, तरुणांसाठी. तुमच्या अंगी खेळ असेल, आवाज असेल, हातात कला असेल, तर ती देवाने विश्वासाने सोपवलेली आहे. रोजच्या एका रुपयाची सवय लावा. टाळ्या वाजतात तेव्हा देणाऱ्याचे आभार माना, आणि टाळ्या थांबतात तेव्हा त्याच्याच जवळ बसा. पाय घसरलाच तर प्रायश्चित्त संस्काराचे दार उघडे आहे. धर्मगुरू तिथे हिशेब तपासायला बसत नाही, पित्याच्या वतीने तुमचे स्वागत करायला बसतो.

तिसरी, सर्वांसाठी. 'वाया गेलेला' म्हणून ज्याचे नाव तुमच्या मनात आता आले, त्याच्याकडे या आठवड्यात स्वतः उठून जा. उपदेश नंतर. आधी चहा, आधी हातात हात. तो उपचाराला तयार झाला तर रुग्णालयापर्यंत सोबत करा. तयार नसेल तर पुढच्या आठवड्यात परत जा.

आपण प्रार्थना करू या. हे परमपित्या, तू कठोर नाहीस, तू उदार आहेस, ही दृष्टी आम्हांला दे. जे आम्ही भीतीने पुरले ते उकरून काढण्याचे धैर्य दे. ज्यांनी उधळले त्यांना घराची वाट दाखव, आणि ते येतील तेव्हा आम्ही अंगणात रुसून उभे नसू असे कर. ही प्रार्थना आम्ही तुझा पुत्र प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्याद्वारे करतो. आमेन.

तुमचा ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू