पाळलेले कासव आणि कूर्मदृष्टी

मराठीतील 'पाळणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. गाय पाळली जाते, पोपट पाळला जातो. त्याचप्रमाणे शब्द पाळला जातो आणि पथ्यही पाळले जाते. पहिल्या अर्थात दुसऱ्या जीवावरील सत्ता आणि त्याच्या पोषणाची जबाबदारी एकत्र आलेली आहे. दुसऱ्या अर्थात माणसाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन आहे. एरवी हे दोन अर्थ आपापल्या जागी सुखाने नांदतात. गाय दूध देते, कुत्रा राखण करतो, मांजर निदान मांडीवर येऊन बसते. या देवाणघेवाणीमुळे पाळणाऱ्याला पहिल्या अर्थावरच थांबता येते. परंतु ज्याच्याकडून परतफेडीची जवळजवळ शक्यताच नाही, असा प्राणी घरात आला तर 'पाळणे' या शब्दात नेमके काय उरते? हा प्रश्न ज्या प्राण्याच्या निमित्ताने सर्वांत स्पष्टपणे उभा राहतो, तो म्हणजे कासव. आणि त्यातही कासवाचे लहान पिल्लू.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण विचारात घेणे योग्य होईल. जमिनीवरचे कासव घरी पाळण्याची इंग्लंडमधील प्रथा जुनी आहे. विसाव्या शतकात उत्तर आफ्रिका आणि भूमध्य सागराच्या आसपासच्या प्रदेशांतून पकडलेली कासवे तेथे मोठ्या संख्येने येत आणि स्वस्तात विकली जात. त्यांपैकी अनेक कासवे नव्या हवेतील पहिला हिवाळाही पाहू शकत नसत. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने भूमध्य प्रदेशातील या कासवांच्या व्यापारी आयातीवर बंदी घातली. त्यानंतर तेथे मिळणारे पिल्लू प्रायः बंदिवासातच जन्मलेले असते. स्पेनपासून ग्रीसपर्यंतच्या उष्ण, झुडपी प्रदेशात आढळणाऱ्या हर्मन कासवाचे असे एखादे पिल्लू इंग्लंडमधील एखाद्या घरात येते, तेव्हा ते काडेपेटीहून लहान असते. नीट जगले तर ते पन्नास वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जगते.

या पिल्लाला काय लागते? प्रथम लागते ऊब. कासवाचे रक्त स्वतः तापत नाही. बाहेरच्या उष्णतेवर त्याचे पचन, हालचाल, रोगप्रतिकार सारे अवलंबून असते. म्हणून त्याच्या जागेच्या एका टोकाला दिव्याखाली बत्तीस ते पस्तीस अंश सेल्सियस तापमान राखावे लागते आणि दुसरे टोक वीस-बावीस अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागते. त्या दोन टोकांमध्ये ते स्वतःच ये-जा करून आपल्या देहाचे तापमान ठरवते. दुसरी गरज अतिनील किरणांची. सूर्यप्रकाशातील या किरणांमुळे त्याच्या त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून अन्नातील कॅल्शियम त्याला पचवता येत नाही. हाडे वाकतात, कवच मऊ पडते. खिडकीतून येणारे ऊन येथे उपयोगाचे नाही, कारण नेमके हेच किरण काच अडवते. त्यासाठी वेगळी ट्यूब लावावी लागते. पायाखाली खोदता येईल अशी, किंचित ओल धरणारी माती लागते. अंग लपवायला आडोसा लागतो. उथळ, कोमट पाण्यात वरचेवर बसवावे लागते. आहारात रानगवत, डँडेलियनसारखी पाने, वर भुरभुरलेली कॅल्शियमची पूड आणि कुरतडायला समुद्रफेन. फळे, पाव, कुत्र्यामांजरांचे अन्न यांतले काहीही नाही.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यांतील प्रत्येक वस्तू कशाच्या तरी बदली आलेली आहे. एक दिवा दुपारच्या तापल्या दगडाऐवजी आला, दुसरा सूर्याऐवजी; कोमट पाण्याची बशी पावसाऐवजी आली आणि समुद्रफेन चुनखडीच्या मातीऐवजी. हिवाळ्यात तर निरोगी कासवाला शीतनिद्रेसाठी कित्येक घरांत पाच अंशांच्या आसपास ठेवलेल्या शीतकपाटात झोपवतात आणि आत हवा जावी म्हणून त्याचे दार नियमाने उघडतात. म्हणजे उन्हाळाही माणसानेच करायचा आणि हिवाळाही. ज्याला संगोपनाची तयारी म्हटले जाते ती वस्तुतः एका जमाखर्चाची वही आहे; त्या जीवापासून काय काय काढून घेतले गेले, त्याची नोंद तीत ओळीने सापडते. व्यवस्था जितकी चोख, तितकी ही नोंद अधिक पूर्ण.

या व्यवस्थेतील दोन तपशील नीतिविचाराच्या दृष्टीने विशेष बोलके आहेत. पहिला काचेचा. नवशिक्या माणसाला काचेची पेटी आवडते, कारण तीतून पिल्लू चहूकडून दिसते. परंतु पारदर्शक भिंत ही भिंत आहे, हे कासवाला उमगत नाही. समोर वाट दिसते म्हणून ते तासन्‌तास काचेला पाय घासत राहते. जाणकार म्हणूनच वरून उघडी, अपारदर्शक बाजूंची लाकडी चौकट सुचवतात. पारदर्शकता ही पाहणाऱ्याची सोय होती. कासवाला हवा होता आडोसा. दुसरा तपशील ट्यूबचा. अतिनील किरण देण्याची तिची शक्ती काही महिन्यांत उतरू लागते, पण प्रकाश मात्र पूर्वीसारखाच दिसत राहतो. माणसाच्या डोळ्याला दिवा अगदी ठीक वाटत असतो आणि त्याखाली कासवाची हाडे हळूहळू मऊ होत असतात. म्हणून चांगला दिसणारा दिवा ठरल्या मुदतीत बदलावा लागतो. स्वतःच्या इंद्रियांना जे जाणवत नाही त्याची दखल घेणे, हा येथे केवळ तांत्रिक नियम राहत नाही. तो धर्म ठरतो.

यावरून प्रेम आणि काळजी यांच्यातील अंतर स्पष्ट होते. प्रेम असलेल्या घरातच कासवाची पिल्ले अनेकदा बिघडतात. पिल्लू गारठून मंदावते, घरच्यांना ते शांत वाटते. ते डोके आत ओढून घेते, घरच्यांना ते लाजाळू वाटते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञासाठी कासवाने अवयव आत घेण्याची उपमा आली आहे आणि ती आपल्या जागी निर्दोष आहे. परंतु उपमेतले कासव आणि टेबलावरचे कासव यांची गल्लत झाली की अनर्थ होतो. टेबलावरच्या कासवाने अवयव आत घेतले तर बहुधा त्याला भय वाटलेले असते. लहान मुलाने कौतुकाने उचललेल्या पिल्लाची अवस्था शिकारी पक्ष्याने उचललेल्या पिल्लासारखीच असते. जेथे प्राणी ओरडत नाही, चावत नाही, रुसत नाही, तेथे माणसाला आपलीच भावना त्याच्या मौनावर लिहिता येते.

मात्र कासवाचे मौन पूर्ण नाही. त्याचे कवच सारे लिहून ठेवते. बंदिवासातील पिल्लांच्या कवचावर अनेकदा पिरॅमिडसारखे उंचवटे येतात. याचे खापर दीर्घकाळ प्रथिनयुक्त आहारावर फोडले जात असे. व्हिएन्ना येथील विस्नर आणि इबेन या संशोधकांनी आफ्रिकेतील सल्काटा जातीच्या पिल्लांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे आढळले की, या विकृतीत प्रथिनांपेक्षा हवेच्या कोरडेपणाचा वाटा फार मोठा असतो. वाळवंटाच्या काठचा प्राणी म्हणून ज्याला कोरडे ठेवले जात होते, त्याच्या पिल्लाला ओल हवी होती. एकदा आलेले उंचवटे पुढे सपाट होत नाहीत. पहिल्या काही वर्षांतले अज्ञान तो प्राणी उरलेले अर्धशतक पाठीवर वाहतो. हेतू शुद्ध होता, ही सबब त्या पाठीला लागू पडत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. ज्याला सूर्यदेखील पर्यायाने द्यावा लागतो, त्याला घरात आणावेच का? उत्तरादाखल सांगितले जाते की, पिल्लू बंदिवासातच जन्मले आहे. त्याने रान पाहिलेले नाही. रानात त्याला कोल्ह्याने वा कावळ्याने खाल्ले असते. यांतील प्रत्येक विधान खरे असू शकते, तरीही त्यांतून समर्थन निघत नाही. रानातला मृत्यू हा घरातल्या कैदेचा हिशेब चुकता करत नाही. आणि त्याने रान पाहिले नाही हे विधान तर आक्षेपाचेच दुसरे रूप आहे. त्याची त्वचा सूर्य मागते, त्याचे पाय माती उकरतात. रान त्याच्या देहात आधीपासूनच आहे. परंतु आक्षेप मान्य केल्याने प्रश्न संपत नाही. ते पिल्लू आता येथे आहे. परमुलखात त्याला मोकळे सोडणे म्हणजे थंडीने मारणे होय. पाळण्याचे समर्थन होऊ शकत नाही म्हणून पाळण्याच्या कर्तव्यातून सुटकाही होत नाही. कर्ज घेणे चूक होते हे पटल्याने कर्ज फिटत नाही. उलट त्यानंतरची परतफेड अधिक प्रामाणिक व्हावी लागते. 'पाळणे' या क्रियापदाचा पहिला अर्थ येथे कोसळतो आणि दुसरा, शब्द पाळण्याचा अर्थ, तेवढा उरतो.

अठराव्या शतकातील एका प्रसिद्ध कासवाची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. 'नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेल्बर्न' या १७८९ च्या ग्रंथाचा कर्ता गिल्बर्ट व्हाइट याच्या आत्याकडे, रिबेका स्नूक हिच्याकडे, रिंगमर येथे एक कासव होते. तीस वर्षांहून अधिक काळ खाऊ घालणारी ती वृद्धा दिसली की ते तिच्याकडे खुरडत जाई आणि परक्यांकडे लक्षही देत नसे, असे व्हाइटने नोंदवले आहे. १७८० मध्ये ती वारली, तेव्हा व्हाइटने ते कासव उकरून घोडागाडीतून आपल्या गावी नेले. त्याने त्याचे वजन केले, त्याची झोप मोजली. आणि आयुष्याचा मोठा भाग झोपेत घालवणाऱ्या प्राण्याला विधात्याने इतके दीर्घ आयुष्य का दिले असावे, याचे नवल केले. १७९३ मध्ये व्हाइट वारला. कासव त्याच्यामागे सुमारे वर्षभर जगले. त्याचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि त्याच्या परीक्षणावरून हा 'टिमथी' मादी होता, असे सिद्ध झाले. आपल्या काळातील एका अत्यंत सूक्ष्म निरीक्षकाने तेरा वर्षे जिला रोज पाहिले, तिचे एवढेदेखील त्याला कळले नव्हते. तरीही ती जगली, कारण तिला उकरण्याची मुभा होती, बाग होती, आणि तिच्याकडे पाहणारा मनुष्य तिच्यात फार ढवळाढवळ करत नव्हता.

पाहणे आणि पोसणे यांचा संबंध मराठी वाचकाला अपरिचित नाही. कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाही, त्यांना अंगाशीही घेत नाही. दुरून केवळ दृष्टीने ती त्यांचे पोषण करते, ही कल्पना संतवाङ्मयात ईश्वरी कृपेसाठी पुनःपुन्हा आली आहे. मंदिराच्या सभामंडपातील दगडी कासवाकडे पाहताना भाविकाच्या मनात हा अर्थही जागा असतो. प्राणिशास्त्र मात्र वेगळे सांगते. कासवी खड्ड्यात अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्ले बाहेर पडतात तेव्हा त्यांना पाहायला कोणीच नसते. उन्हाने त्यांना उबवलेले असते आणि ऊनच त्यांना वाढवते. ज्या पिल्लाला जन्मतःच आई ठाऊक नाही, त्याच्यावर मातृत्वाचा वर्षाव करणारा माणूस म्हणूनच त्याला न समजणारी भाषा बोलत असतो.

तथापि वस्तुस्थितीच्या कसोटीवर न टिकणारी ही उपमा नीतीच्या कसोटीवर मात्र टिकते. तिच्यातील कासवी स्पर्श करत नाही, उचलत नाही, परतफेड मागत नाही. ती अंतर राखते आणि लक्ष ठेवते. घरातल्या पिल्लाला माणसाकडून नेमके हेच हवे असते. नियमाने वजन करणे, डोळे सुजले आहेत का ते पाहणे, तापमापक वाचणे, दिव्याची तारीख लिहून ठेवणे आणि मग हात मागे घेणे. ही दृष्टी उपभोगाची नसून राखणीची आहे. काचेच्या पेटीतून कौतुकाने पाहणारा डोळा आणि लाकडी चौकटीवरून क्षणभर वाकून खात्री करून घेणारा डोळा यांत हाच फरक आहे.

भारतात हा विवेक आणखी एक पाऊल पुढे न्यावा लागतो. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव या नक्षीपायीच चोरट्या व्यापारात सापडले. शिवाय घरात कासव असले की लक्ष्मी टिकते, असा समज आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीने हे कासव पहिल्या अनुसूचीत घातले. त्याआधी २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कठोर निर्बंध आले होते. येथे रानातून आणलेले पिल्लू विकत घेऊन त्याला उत्तम दिवे लावणारा मनुष्य दयाळू ठरत नाही. त्याच्या दयेचे मूल्य पुढच्या पिल्लाला चुकवावे लागते. ज्याच्या हाती ते आले असेल, त्याने ते वनखात्याकडे सोपवणे हेच त्या पिल्लाचे पालन. जेथे ऊन, माती आणि पाऊस अजून मूळ रूपात उपलब्ध आहेत, तेथे त्यांचे पर्याय जुळवण्यात पुरुषार्थ नाही.

आणि जेथे पिल्लू कायदेशीर मार्गाने घरात आलेच आहे, तेथे शेवटचा प्रश्न काळाचा आहे. चाळिशी-पन्नाशीत असे पिल्लू आणणाऱ्याला त्याच्या वार्धक्याची काळजी घ्यायला सवड मिळणार नाही. बहुधा ते त्याच्या मागे उरेल. म्हणून त्याच्या पालनाच्या तयारीत दिवा, माती आणि समुद्रफेन यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट यावी लागते : आपल्यानंतर ते कोणाकडे जाईल, याचा लेखी निर्णय आणि त्या माणसाची संमती. आपल्याला न ओळखणाऱ्या, आपले नावही न जाणणाऱ्या जीवासाठी आपण नसतानाच्या उन्हाची सोय करून ठेवणे, इतका निरपेक्ष व्यवहार माणसाच्या वाट्याला क्वचित येतो.