ध्वज म्हणवणारे ताट

डोमिनिकन प्रजासत्ताकात दुपारच्या नेहमीच्या जेवणाला, म्हणजे पांढरा भात, लाल घेवड्याची दाट आमटी, मसाल्यात शिजवलेली कोंबडी किंवा गोमांस आणि सोबत थोडी कोशिंबीर एवढ्या बेताला, ‘ला बांदेरा’ म्हणजे ‘ध्वज’ असे म्हणतात. राष्ट्रध्वजातील पांढरा आणि लाल रंग या ताटात सापडतो; निळा सापडत नाही, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. रोजच्या जेवणाला राष्ट्राचे चिन्ह मानले की त्या चिन्हात कोणाला स्थान मिळाले आणि कोणाला नाही, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि या देशाच्या बाबतीत तो बराच अवघड आहे.

या ताटातील घेवडा मूळचा अमेरिका खंडाचा असला, तरी तांदूळ आणि गुरे ही दोन्ही पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतर युरोपीयांच्या जहाजांतून आली. शिवाय भात हे सर्वसामान्यांचे रोजचे अन्न होण्यास फार काळ लोटलेला नाही. ग्रामीण भागात पोट भरत असे ते ‘बीबेरेस’वर, म्हणजे युका (कसावा), रताळी यांसारखी कंदमुळे आणि कच्ची केळी उकडून केलेल्या जेवणावर. १९३० ते १९६१ या काळात सत्ता गाजवणाऱ्या राफाएल त्रुहियो या हुकूमशहाच्या राजवटीत आयात कमी करण्यासाठी भातशेतीला मोठे उत्तेजन मिळाले आणि भाताचे स्थान पक्के झाले. आज ते इतके पक्के आहे की पातेल्याच्या बुडाशी तेलात खरपूस झालेल्या खरवडीला ‘कोंकोन’ असे स्वतंत्र नाव आहे आणि आमटी घालून खायच्या त्या खरवडीत आपला वाटा मिळावा म्हणून घरोघरी ओढाताण चालते.

या बेटावरील सर्वांत जुन्या अन्नाला मात्र त्या ताटात जागा नाही. स्पॅनिश आक्रमणापूर्वी येथे राहणारे ताईनो लोक कडू युकापासून ‘कासाबे’ नावाची भाकरी करीत. महाराष्ट्रात उपवासाला चालणारा साबुदाणा याच वनस्पतीच्या कंदाचा असतो. कडू जातीचा कंद कच्चा खाल्ल्यास त्यातून घातक सायनाइड तयार होते, म्हणून तो किसून, कीस ‘सिबुकान’ नावाच्या विणलेल्या लांबट नळीत भरून, ती ताणून विषारी रस पिळून काढला जाई, आणि उरलेले पीठ चाळून ‘बुरेन’ या मातीच्या तव्यावर थापून भाजले जाई. अशी कोरडी भाकरी महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे मुख्य भूमीवरील मोहिमांवर निघालेल्या स्पॅनिश जहाजांची शिदोरीही तीच झाली. ज्यांनी ती घडवली त्या समाजाची रोगराई आणि वेठबिगारी यांमुळे काही दशकांतच वाताहत झाली. भाकरी मात्र टिकली, आणि मोन्सिओन या गावी ती आजही मोठ्या प्रमाणावर भाजली जाते.

गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचा वाटा याहूनही अधिक झाकला गेला आहे. उकडलेली कच्ची केळी त्याच पाण्यात घोटून, वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा घातलेला ‘मांगू’ हा येथील आवडता नाश्ता पश्चिम आफ्रिकेतील ‘फूफू’च्या कुळातला आहे. नाताळात हमखास होणारा ‘मोरो दे गांदुलेस’ हा तुरीच्या दाण्यांचा भात तर मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा. भारतात लागवडीखाली आलेली तूर आफ्रिकेमार्गे, गुलामांच्या व्यापारासोबत कॅरिबियन बेटांवर पोहोचली. तिच्या ओल्या दाण्यांचा विदर्भातला सोलेभात आणि नारळाच्या दुधातही शिजवला जाणारा हा भात यांना जोडणारा दुवा एवढ्या दुःखद प्रवासाचा आहे.

हा भात सीमेपलीकडे, त्याच बेटाच्या पश्चिम भागातील हैतीतही तितक्याच आवडीने खाल्ला जातो, आणि अडचण नेमकी येथे आहे. डोमिनिकन राष्ट्राने १८४४ मध्ये स्वातंत्र्य मिळवले ते स्पेनपासून नव्हे, तर बावीस वर्षे सत्ता गाजवलेल्या हैतीपासून. त्यामुळे आपण स्पॅनिश आहोत, आफ्रिकी नाही, असे सांगणारा राष्ट्रवाद तेथे मूळ धरू शकला. त्रुहियोने त्याला सरकारी धोरणाचे रूप दिले आणि १९३७ मध्ये सीमाभागातील हजारो हैतीवंशीयांची कत्तल घडवली. ज्या राजवटीने भात घरोघरी नेला, तिनेच शेजारघराशी असलेले नाते नाकारले, हे ‘ध्वजा’चा अभिमान बाळगताना सहसा आठवले जात नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सीमेवरील नदीच्या पाण्यावरून वाद पेटला आणि डोमिनिकन सरकारने हैतीलगतची सीमा बंद केली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये, युनेस्कोने कासाबेची परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली. तो प्रस्ताव क्यूबा, होंडुरास, व्हेनेझुएला, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि हैती या पाच देशांनी एकत्र मांडला होता.