तस्कर आणि त्याचं गिऱ्हाईक

गुरुदत्तचा 'जाल' 1952 साली आला. ख्रिस्ती कोळ्यांचं गाव, चोरटं सोनं आणणारा टोनी आणि त्याच्यात जीव गुंतलेली मारिया. देव आनंद आणि गीता बाली. त्या काळच्या गुन्हेपटांत नायक अड्ड्यावर धडकून कोंडलेल्या नायिकेला सोडवतो. इथे सोडवायचं आहे तस्करालाच, आणि सोडवणारीकडे प्रेमाखेरीज काही नाही. टोनी पोलिसांच्या ताब्यात जातो आणि तीच त्याची सुटका ठरते. लाडक्या नटाला इतकं निगरगट्ट दाखवण्याची ही हिंमत मला फार मोठी वाटते.

पण टोनीचं सोनं जात कुठे होतं? सिनेमा तिकडे वळतच नाही. गिरगावातून पायी झवेरी बाजार गाठता येतो, म्हणून मला तो प्रश्न सोडत नाही. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीला बांध पडला. जगात औंसाला 35 डॉलर हा अधिकृत भाव, म्हणजे तोळा साडेबासष्ट रुपयांच्या आसपास. मुंबईत तोच तोळा बराच महाग. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे, तिथे आपला कायदा चालत नव्हता. एवढ्या फरकातून टोनी जन्माला येणारच.

आणि गिऱ्हाईक? लालबाग-परळच्या चाळीत बोनस मिळाला की बायकोसाठी एखादा डाग घडायचा, संप लांबला की तोच गहाण पडायचा. बँकेची पायरी न चढलेल्या बाईची ती खरी शिल्लक. तिला गुन्ह्याची भागीदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिची गरज ओळखून कायदा झाला असता तर बरं होतं. झालं उलटं. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाने नवे दागिने 14 कॅरटच्या वर घडवायला बंदी केली. तस्कर तगले, पिढ्यान्‌पिढ्या भट्टीपुढे बसलेल्या सोनारांचं काम मात्र गेलं. 1968 मध्ये त्याचा कायदा झाला, तो 1990 मध्ये उठला. पुढे आयात मोकळी होत गेली तेव्हा कुठे सोन्याची तस्करी ओसरली. इतकी वर्षं पोलिसांच्या धाडींना जे जमलं नाही ते भावातला फरक घटल्याने झालं.

आपल्या गुन्हेपटांनी होड्या दाखवल्या, क्लब दाखवले, पाठलाग दाखवले. काम गेलेल्या सोनाराच्या घरात कॅमेरा न्यायला हवा होता. सुटकेची वाट पाहणारी माणसं तिथेही होती.