हजेरीपटातील रेघ

मुलगा सातवी उतरला म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा बाप नव्या शाळेच्या दारात फार थोड्या गोष्टींची चौकशी करतो: फी किती, इंग्रजी कसे, आणि दहावीचा निकाल काय. मुलगी सातवी उतरली म्हणजे मात्र याच चौकशीला एक निराळेच प्रकरण जोडले जाते. शाळा मुलींची आहे की मिश्र, मधल्या सुटीत फाटक बंद असते की उघडे, वर्गावर बाई असतात की सर, एसटीचा थांबा किती अंतरावर आहे आणि त्या थांब्यासमोर पानटपरी आहे किंवा कसे, अशा बारीकसारीक बाबींची खातरजमा, खरेदीखतापूर्वी सातबारा पाहणाऱ्यालाही लाजवील अशा काटेकोरपणाने केली जाते. गणित कोण शिकवते, हे विचारायचे बहुधा राहून जाते.

या बापाला मी हसत नाही. हादगाव, बाभळगाव, कासापुरी, गुंज अशा गावांतून मुलगी कसब्याच्या ठिकाणी पाठवायची म्हणजे सकाळची गाडी, सायंकाळची गाडी आणि या दोहोंच्या मधला, घरच्या कोणाच्याही नजरेखाली नसलेला दिवस, एवढ्याची जबाबदारी त्याने मनोमन पत्करलेली असते. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेमुळे खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, ही शासनाची मोठीच सोय. परंतु पास मिळाल्याने गाडी वेळेवर येते असे नाही, आणि अंधार पडल्यावर पाथरीच्या स्थानकात उभ्या असलेल्या मुलीविषयी भावकीत जी कुजबुज होते ती कोणत्याही पासाने थांबत नाही. असाच एक ऊस आणि कापूस पिकवणारा गृहस्थ मला म्हणाला होता, "सर, पोरांच्या शाळेत घालायला माझी ना नाही. पण उद्या कोणी काही बोललं तर पोरगीच घरी बसंल, बोलणारा नाही बसणार." या दोन वाक्यांत या विषयावरचे अर्धे वाङ्मय आले आहे असे मी समजतो. त्याची धास्ती मुलीविषयी नाही, शाळेविषयीही नाही. ती बोलणाऱ्याविषयी आहे, आणि दंड मात्र त्याला मुलीला करावा लागतो.

पाथरीसारख्या गावात ही धास्ती कालपरवाची नाही. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण असलेला हा कसबा पुढे दीर्घकाळ निजामाच्या अमलाखाली राहिला, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत येथल्या सरकारी शिक्षणाची भाषा मुख्यत्वे उर्दू होती. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला जी शाळा परकी वाटे ती त्याच्या बहिणीला तर दुर्लभच असे. मुसलमान घरांत पडद्याचा दस्तूर होता आणि हिंदू घरांत, पडदा नसला तरी, त्याच दस्तुराची दुसरी वहिवाट होती. आज पाथरीत हे दोन्ही समाज शेजारी राहतात, मुलीच्या शाळेविषयी जवळजवळ एकाच शब्दांत बोलतात, आणि प्रत्येकाची समजूत मात्र अशी असते की ही चिंता आपल्याच घरची आहे.

आपल्या इतिहासात मुलींची स्वतंत्र शाळा ही पुष्कळदा अत्यंत पुरोगामी माणसांनी काढलेली आहे, ही गोष्ट सहशिक्षणाचे उत्साही पुरस्कर्ते विसरतात. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात काढलेली शाळा मुलींचीच होती. १८८४ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींच्या पुढाकाराने जे कन्याविद्यालय निघाले आणि पेशव्यांच्या खाशा घोड्यांच्या पागेची जागा मिळाल्यामुळे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धी पावले, तेही मुलींचेच. आणि त्याच्या अभ्यासक्रमावर व वेळांवर 'केसरी'ने जे आक्षेप घेतले ते शाळा मुलींची आहे म्हणून नव्हेत, तर तेथे मुलींना मुलग्यांसारखे शिकवले जाते म्हणून. भिंत कोणालाच खुपत नव्हती, भिंतीच्या आतले इंग्रजी आणि गणित खुपत होते. आजच्या पालकानेही कन्याशाळेत पाऊल टाकताना भिंतीची उंची पाहण्याऐवजी आतला फळा पाहावा, असे मला वाटते ते या इतिहासामुळे.

कारण भिंतीच्या आत काय घालायचे याविषयी थोरांचेही एकमत नव्हते. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांच्या आश्रमापासून प्रारंभ करून १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली, ती जपानातील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका वाचून मनात रुजलेल्या कल्पनेतून. मातृभाषेतून शिक्षण, आरोग्यशास्त्र, गृहजीवनशास्त्र, आणि स्त्रीच्या भावी आयुष्याला उपयुक्त अशा विषयांची निवड हे त्या योजनेचे स्वरूप होते. मराठीतून उच्च शिक्षण देण्याचे धैर्य, तेही त्या काळी, हे कर्व्यांचे ऋण फेडता येण्यासारखे नाही. तथापि त्या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. मधल्या पस्तीस वर्षांत ज्या मुलींनी तेथली पदवी घेतली त्यांनी, सरकारदरबारी ती कितपत ग्राह्य धरली जाईल याची हमी नसताना, केवळ विद्येवरच्या निष्ठेने ती घेतली. निराळी शाळा सहज निराळ्या मापाची शाळा होऊन बसते, आणि ते माप बहुधा लहान असते, हा धोका कर्व्यांसारख्या ऋषितुल्य माणसाच्या कार्यालाही टाळता आला नाही. स्वातंत्र्यानंतर हंसाबेन मेहतांच्या समितीने नेमक्या याच प्रश्नाचा विचार केला आणि मुलामुलींचे अभ्यासक्रम लिंगभेदावर वेगळे करू नयेत, प्राथमिक स्तरावर सहशिक्षण हाच सर्वसाधारण नियम असावा, माध्यमिक स्तरावर मात्र स्वतंत्र शाळा ठेवण्याची मुभा असावी, असा निर्वाळा दिला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये त्याचीच री ओढली. ही मुभा समितीने तत्त्व म्हणून दिलेली नव्हती. समाजाची तयारी होईपर्यंतची ती सवलत होती, आणि अशा सवलतींची मुदत कधी संपते हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.

आता मिश्र शाळेकडे वळू. कारण आमच्या भागातील मिश्र शाळा पाहिल्यावर सहशिक्षणाविषयीचा वाद बराचसा हवेतला वाटू लागतो. नववीच्या कोणत्याही वर्गात जा. दाराकडच्या रांगा मुलींच्या, खिडकीकडच्या मुलांच्या. मध्ये गुरुजींच्या येण्याजाण्यापुरती वाट. हजेरीपट उघडला तर आधी मुलग्यांची नावे, मग एक आडवी रेघ, आणि त्या रेघेखाली मुलींची; एखादा मुलगा वर्षाच्या मध्यावर नव्याने दाखल झाला की त्याचे नाव रेघेच्या वर दाटीवाटीने कोंबतात, पण रेघ हलत नाही. मॉनिटर दोन, पाण्याच्या टाकीचे नळ निराळे, स्नेहसंमेलनातल्या नाटिकाही पुष्कळदा निराळ्या. मुलीने मुलाला वहीतला एक धडा मागितला तर ती मागणी वर्गशिक्षकांमार्फत, रीतसर अर्ज करावा तशी जाते. पाच वर्षे एका छपराखाली बसून परस्परांचे पूर्ण नावही न उच्चारलेली मुले मी पाहिली आहेत. याला सहशिक्षण म्हणणे म्हणजे एकाच डब्यातून प्रवास केलेल्या उतारूंना सोयरे म्हणण्यासारखे आहे. मुलींची शाळा आणि मिश्र शाळा यांमध्ये निवड करणाऱ्या पालकाला कित्येकदा ठाऊकच नसते की त्याच्यापुढे दोन्ही पर्याय मुलींच्या शाळेचेच आहेत. एकीची भिंत विटांची आणि दुसरीची शाईची, एवढाच भेद.

विद्वानांचा कौल पाहावा तर तोही एकमुखी नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील तीन संशोधिकांनी एकवीस देशांतील १८४ अभ्यासांचा आणि सोळा लाखांवर विद्यार्थ्यांचा धांडोळा घेऊन असा निष्कर्ष काढला की विद्यार्थ्यांची घरची परिस्थिती जमेस धरून तुलना केली तर स्वतंत्र शाळांचा म्हणण्यासारखा लाभ दिसत नाही. उलट दक्षिण कोरियातील सोल शहरात, जेथे १९७४ पासून कोणत्या मुलाने कोणत्या माध्यमिक शाळेत जावे हे दीर्घकाळ चिठ्ठ्या टाकून ठरत असे, तेथील स्वतंत्र शाळांतील मुलेमुली भाषेच्या परीक्षांत आणि महाविद्यालयीन प्रवेशात काहीशी सरस ठरली. सोलच्या पालकाला निवडीचा अधिकारच नव्हता, म्हणून तो निष्कर्ष मोलाचा. पण सोलच्या मुलीला घरी बसवण्याची तजवीज कोणी करीत नव्हते, म्हणून तो पाथरीला जसाच्या तसा लागू पडत नाही. आमच्याकडे दोन शाळांच्या गुणांत तफावत किती, हा प्रश्न दुय्यम आहे. मुलगी शाळेत राहते किती वर्षे, हा पहिला.

या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुखावह नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले आढळले. साऱ्या महाराष्ट्राचे हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. शिक्षणहक्काच्या कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी, म्हणजे आठवीच्या आसपास मिटते, आणि नेमकी तेथूनच स्थळांची चौकशी सुरू होते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर लेकीला कोणाच्या जिवावर मागे ठेवायचे या विवंचनेपायी लग्न हाच बंदोबस्त ठरतो. अशा ठिकाणी एखादी कन्याशाळा, आपल्या बंद फाटकाच्या आणि बाईंच्या धाकाच्या जोरावर, एका मुलीचे लग्न आठवीवरून बारावीवर ढकलू शकली, तर सहशिक्षणाची सारी तत्त्वे क्षणभर बाजूला ठेवून त्या फाटकाला मी नमस्कार करीन. परंतु ज्या कन्याशाळेत दहावीनंतर विज्ञानाची शाखा नाही, प्रयोगशाळेचे कुलूप तपासणीच्या दिवशीच निघते, आणि हुशार मुलीला 'तुला शिवणाचा कोर्स बरा' असा सल्ला मिळतो, ती शाळा मुलीला सांभाळते खरी, पण सासरी पाठवण्यासाठी सांभाळते.

या संदर्भात एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. मुलीला दहावीपर्यंत कन्याशाळेतच घालण्याचा हट्ट धरणारा बाप, तिला नव्वदाच्या वर गुण पडले की, हां हां म्हणता लातूरच्या गाडीत बसतो. तेथे 'नीट'च्या शिकवणीत एकेका दालनात शेकडो मुलेमुली खेटून बसतात, शिकवणारे बहुतेक पुरुष, सुटण्याची वेळ रात्रीची. आणि या साऱ्याला बापाची हरकत नसते, मुलींचे वसतिगृह निराळे असले म्हणजे झाले. डॉक्टर होण्याची शक्यता दिसताच जी भीती विरघळते, ती मुळात मुलाशेजारी बसण्याची नव्हतीच. मुलीच्या शिकण्यातून काही निष्पन्न होणार आहे असा भरवसा नव्हता, आणि भरवसा नसलेल्या कामात माणूस जोखीम घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून शाळा निवडताना पालकाने मुख्याध्यापकांना विचारावे ते हे, की पाच वर्षांपूर्वी आठवीत असलेल्या मुलींपैकी किती बारावीला बसल्या, आणि बाकीच्या कोठे आहेत. याचे उत्तर ज्या शाळेच्या दप्तरात सापडेल ती, मुलींची असो वा मिश्र, चांगली समजायला हरकत नाही. बहुतेक ठिकाणी शाळा सोडल्याचा दाखला दिला की शाळेचा संबंध संपतो. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिलेले असते.

एवढा वेळ मी मुलींविषयीच बोलत आलो, आणि विषयाचा सारा प्रवाहच तिकडे ओढतो हे ध्यानात येऊनही बोलत आलो. मुलग्याला कोणत्या प्रकारच्या शाळेत घालावे, असा सल्ला मागायला आजवर माझ्याकडे पाथरीतला एकही बाप आलेला नाही. वस्तुतः थांब्यासमोरच्या पानटपरीवर उभा राहणारा, ज्याच्या धास्तीने शाळांची फाटके लागतात, एसटीच्या वेळा पाहिल्या जातात आणि चौदा वर्षांच्या मुलीचे दप्तर माळ्यावर जाते, तो मुलगाही कोणत्या तरी शाळेत शिकलेला असतो. त्याच्या शाळेत मुली असल्या तर रेघेखाली होत्या. नसल्या तर त्याच्या लेखी मुलगी म्हणजे बहीण, आई आणि मोबाइलवर दिसते ती, याहून निराळी कोणी अशी नव्हतीच. आपल्यापेक्षा बीजगणितात सरस असलेली, चूक दाखवली तर वाद घालणारी, प्रयोगात आपल्या हातून परीक्षानळी फुटली तर खो खो हसणारी मुलगी त्याला कधी भेटलीच नाही, आणि अशी मुलगी पाहिल्यावाचून आदर कशाचा करायचा हे त्याला कळावे कसे? मुलीसाठी स्वतंत्र शाळेची बाजू काही काळापुरती, काही अटींवर मला मान्य करता येते. मुलग्यासाठी ती मांडणारा एकही युक्तिवाद मला अद्याप पटलेला नाही. पुढल्या जूनमध्ये कोणी गृहस्थ दोन्ही लेकरांचे दाखले घेऊन आले, तर मुलीच्या दाखल्याविषयी मी त्यांच्याशी तासभर बोलेन आणि गाडीच्या वेळा विचारीन. मुलाच्या दाखल्याविषयी मात्र एवढेच सांगेन की याला मिश्र शाळेत घाला, आणि घालताना वर्गशिक्षकांना म्हणा, याला मुलीच्या शेजारच्या बाकावर बसवा.