शून्य कोनाचा शंकू

ऑटोकॅडच्या एका ड्रॉइंगमध्ये दोन दंडगोल शेजारी शेजारी उभे आहेत. व्यास तोच, उंची तीच, घनफळही तेच. एक ‘सिलिंडर’ ही कमांड देऊन काढलेला. दुसरा आधी वर्तुळ काढून, मग ते वर खेचून. प्रोग्राममधून दोघांचा ‘सॉलिडटाइप’ विचारला की पहिला म्हणतो सिलिंडर, दुसरा म्हणतो एक्स्ट्रूजन. विचारला होता आकार, मिळाली जन्मकथा.

तीही टिकाऊ नसते. ‘ब्रेप’ ही कमांड दिली की सॉलिड कशाकशाचे मिळून झाले हे ते विसरते. उरतात फक्त त्याच्या सीमा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून स्टेप फाइलने आलेला भाग बहुधा असाच येतो, पूर्वायुष्य मागे ठेवून. ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प या भाषेतल्या ‘एन्टगेट’ला विचारावे तर तो वस्तूचा प्रकार म्हणून एवढेच सांगतो: थ्रीडीसॉलिड. ठोकळा असो, गोल असो की इंजिनाचा ब्लॉक. साक्षीदार गेला की पुराव्याकडे वळावे लागते, आणि सॉलिडचा पुरावा म्हणजे त्याची पृष्ठे.

मोजणीपासून सुरुवात करावी, पण मोजणीवर विसंबू नये. ठोकळ्याला ६ पृष्ठे, १२ कडा, ८ शिरोबिंदू. माथा छाटलेल्या चौकोनी पिरॅमिडलाही नेमके तेवढेच. कोन तपासल्याशिवाय ठोकळ्याला ठोकळा म्हणता येत नाही.

जवळच्या वाटा मोहात पाडतात. सॉलिडचे घनफळ घ्यायचे, त्याला वेढणाऱ्या चौकटीच्या घनफळाशी ताडायचे, जुळले की ठोकळा. ठोकळा अक्षांना समांतर आहे तोवर हे चालते. तो जरा तिरका फिरवला की चौकट फुगते आणि ठोकळा नापास होतो. मग जडत्वाकडे जावे: तिन्ही मुख्य जडत्व आघूर्णे सारखी निघाली म्हणजे गोल? घनाचीही तिन्ही सारखीच असतात. डोळ्यांना क्षणात दिसणारा फरक या तीन आकड्यांत कुठेच नसतो.

‘हा काटकोन आहे का’ एवढे विचारून संगणकाचे भागत नाही. किती फरक चालेल तेही सांगावे लागते. ऑटोलिस्पच्या ‘इक्वल’ला तिसरी संख्या देण्याची सोय त्यासाठीच आहे. दोन पृष्ठांच्या एकक लंबांचा अदिश गुणाकार शून्य येतो का, हे पाहताना ती संख्या ०.०१ ठेवली तर अर्ध्या अंशाचा उतारही काटकोन म्हणून खपून जातो. प्लास्टिकचा भाग साच्यातून सुटावा म्हणून डिझायनरने मुद्दाम दिलेला उतार कधी कधी तेवढाच असतो. त्याची सगळी हुशारी प्रोग्राम ‘चूक’ समजून गिळतो. सहिष्णुता हा शब्द इथे फार जपून वापरावा.

ही पृष्ठे वाचायची कुठून? ऑटोकॅडच्या जुन्या डीएक्सएफ फाइलीत सॉलिडचे वर्णन न वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहिलेले असते. किल्ली साधी आहे: रिकामी जागा सोडून प्रत्येक अक्षराचा आस्की क्रमांक १५९ मधून वजा करायचा. (२०१३ च्या स्वरूपापासून तिथे बायनरी आली.) मजकूर उलगडला की पिंड, कवच, पृष्ठ, कड अशी उतरंड दिसू लागते. पृष्ठांच्या जाती पाहाव्यात: सपाट, शंकू, गोल, टोरस, स्प्लाइन. दंडगोल नाही. आतली भूमिती सांभाळणाऱ्या एसिस या सॉफ्टवेअर-गाभ्याने दंडगोलाला वेगळी जात दिलेलीच नाही. तो शंकूच, फक्त त्याच्या अर्धकोनाची साइन शून्य.

मला ही मांडणी सुंदर वाटते. शाळेत वृत्तचिती आणि शंकू यांची सूत्रे वेगळी पाठ केली. इथे दोघांमध्ये एका कोनाचे अंतर आहे, आणि तो कोन न वाचता जात पाहून निकाल देणारा प्रोग्राम प्रत्येक शाफ्टला शंकू ठरवील.

शाफ्टचे पृष्ठ दंडगोल, भोकाचेही दंडगोल. त्रिज्या तीच, अक्ष तोच असू शकतो. धातू कोणत्या बाजूला आहे एवढाच फरक: पृष्ठाचा लंब बाहेर पाहतो की अक्षाकडे. फाइलीत ही एका बिटाची माहिती. तिच्यावरून ठरते की तिथला धातू ठेवायचा की काढायचा. केंब्रिजमध्ये लॅकिस किप्रियानू यांनी १९८० च्या आपल्या प्रबंधात कड बहिर्वक्र की अंतर्वक्र, यावरून भागावरचे उंचवटे आणि खळगे वेगळे काढले. आकाराला नाव देण्याआधी त्याचे आत-बाहेर ठरवावे, ही दृष्टी मला आजही सर्वांत भरवशाची वाटते.

आता ठोकळ्याच्या साऱ्या कडा एकाच त्रिज्येने गोल करा. पृष्ठे २६ होतात: ६ सपाट, कडांच्या जागी १२ पाव दंडगोल, कोपऱ्यांच्या जागी गोलाचे ८ अष्टमांश. हा ठोकळा आहे का? पेटीत किती नग बसतील हे काढणाऱ्याने खुशाल हो म्हणावे. मशीनवर तो घडवणाऱ्याची खरी मेहनत मात्र त्या २० वक्र पृष्ठांत आहे.

म्हणून प्रोग्रामने नाव सांगताना ते कशावरून ठरवले, इतिहासावरून की पृष्ठांवरून, आणि किती फरक पोटात घालून, हेही सोबत लिहावे असे मला कळकळीने वाटते. ठरत नसेल तिथे रकाना कोरा सोडावा. कोरा रकाना दिसला की कोणीतरी ड्रॉइंग उघडून तो भाग फिरवून पाहतो. चुकीचे नाव भरलेले असले की तो भाग तसाच कोटेशनमध्ये जातो.