वणवा आणि उसंत

सहनशीलता हा सद्गुण आहे, याविषयी आपल्याकडे सहसा कोणी शंका घेत नाही. लहानपणी सुभाषितांतून, मोठेपणी सत्कारसमारंभांतून आणि अखेरीस शोकसभांतून आपण तिची स्तुती ऐकत असतो. अमक्याने किती सोसले आणि तरी तो कसा पुन्हा उभा राहिला, हे सांगताना वक्त्याचा कंठ दाटून येतो. ज्याने सोसले त्याला या स्तुतीचे काय वाटत असेल, हा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. माझ्या मनात तो आला तो मेळघाटातील झाडांमुळे.

अमरावतीच्या उत्तरेचे गाविलगडचे डोंगर आणि अकोल्याकडचा नरनाळा किल्ला यांच्या भोवतीचे हे रान १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते वाघाइतकेच आगीचेही आहे. साग, सालई, धावडा, तेंदू, मोह अशी पानगळीची झाडे आणि त्यांच्या पायाशी उंच गवत. फेब्रुवारी सरत आला की हे गवत म्हणजे वाळलेले सरपणच! वनखाते आधीच जाळरेषा काढून ठेवते. तरी कुठे ना कुठे वणवा लागतो. कोणी मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून पाचोळा पेटवतो, कोणी तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून. कधी फेकलेली एक विडीही पुरते.

अशा एका वणव्यानंतर, एप्रिल महिन्यात, मी त्या रानातून जात होतो. हातभर उंचीची सागाची रोपे काळ्या काड्या होऊन उभी होती. ती मेलीच, असे मी म्हणताच बरोबरचे कोरकू आजोबा हसले. “मेलं नाही जी थे,” ते म्हणाले, “खाली बसलं हाय.”

वनस्पतिशास्त्राला याहून फारसे वेगळे सांगायचे नाही. गवताची आग भडकते खूप, पण थांबते थोडा वेळ. माती उष्णता सहजासहजी खाली जाऊ देत नाही. वर पाने करपत असताना चार बोटे खालची मुळी जेमतेम कोमट होते. त्या मुळीत झाडाने पिठूळ अन्न साठवून ठेवलेले असते आणि तिच्या माथ्याशी निजलेले डोळे असतात. वरचे खोड गेले की ते जागे होतात. वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. बांधावर साग लावताना तो रोपाचा शेंडा आणि पाने छाटून उरलेली ‘जडी’च तर पुरतो! तेंदूची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या पसरलेल्या मुळांनाच ठिकठिकाणी धुमारे फुटतात. मोठी झाडे सालीचे चिलखत पांघरतात. साल दुप्पट जाड झाली, तर आतल्या जिवंत थरापर्यंत आच पोहोचायला सुमारे चौपट वेळ लागतो, आणि तेवढ्यात वणवा पुढे निघून गेलेला असतो.

हे शहाणपण आजकालचे नव्हे. विरळ झाडी आणि दाट गवत अशा प्रदेशांना ‘सवाना’ म्हणतात. आपल्या उपखंडात अशी गवते साधारण ७०-८० लाख वर्षांपूर्वी पसरू लागली, म्हणजे काडी ओढणारा माणूस येण्याच्या कितीतरी आधी. आफ्रिकेत तर काही झाडांनी आपले बहुतेक लाकूड जमिनीखालीच ठेवले आहे. फ्रँक व्हाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये त्यांना ‘जमिनीखालची अरण्ये’ असे नाव दिले.

इथवर आलो की उपदेशकाला हुरूप चढतो. “पाहा, आगीनेच झाड कणखर झाले!” असे तो म्हणणार. पण हा हिशेब चुकीचा आहे. साल आगीत जाड होत नाही. आग नसते त्या वर्षांत होते. धुमारा फुटतो तो मुळीतल्या शिलकीवर. वर्षागणिक वणवा आला, तर फुटवा ज्वाळांच्या वर डोके काढण्याआधीच पुन्हा जळतो. रोप वर्षानुवर्षे खालीच बसून राहते, आणि शिल्लक भरून येण्याऐवजी खर्चच होत गेली, तर एक दिवस मुळीही मुकाट्याने संपते. आग मुळीच नको, असेही नाही; ती कायमची थांबली, तर काही ठिकाणी झाडी दाटून गवतच नाहीसे होते. झाडाचे मागणे एवढेच, की दोन वणव्यांमध्ये त्याला उसंत मिळावी.

याच डोंगरांच्या पायथ्याशी कपाशीचा मुलूख आहे. मृगात पेरावे, पावसाने दडी मारावी, कोंब करपावेत आणि पुन्हा बियाणे आणावे. या दुबार पेरणीला आपण शेतकऱ्याची जिद्द म्हणतो. जिद्द ती आहेच. परंतु दुसरे बियाणे येते ते कर्जातून किंवा कारभारणीच्या डोरल्यातून, म्हणजे मुळीतल्या शिलकीतूनच. २००६ मध्ये अमरावती-अकोल्यासह विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना खास मदत जाहीर करावी लागली, तेव्हा कितीतरी घरांतली मुळी संपून गेली होती. जे उठले त्यांचीच आपण गाणी गातो. जे उठले नाहीत ते काही सांगायला उरत नाहीत.

मग सोसणाऱ्याची स्तुती करूच नये काय? जरूर करावी, पण तिने आपले कर्तव्य फिटले, असे मानू नये. ‘तो काय, कशातूनही उठेल’ या कौतुकात ‘म्हणून त्याला आणखी सोसू द्यायला हरकत नाही’ असा निष्ठुर अर्थ लपून बसण्याचा संभव असतो. उसंत ही काही आभाळातून पडत नाही. ती माणसांना ठरवून देता येते. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली रानावर सामूहिक हक्क मिळाले. गावकऱ्यांनी ते उजाड रान आगीपासून आणि मोकाट चराईपासून राखले, आणि ते पुन्हा हिरवे झाले.

दिवाळीत घरोघर माणसे भेटतात, आणि त्यांत यंदा होरपळून निघालेले एखादे असतेच. त्याच्या धीराची वाखाणणी करण्यास आपण चुकणार नाही. त्याबरोबरच, आपल्या हातचे एखादे देणे त्याला वर्षभर पुढे ढकलून देता येईल काय, त्याच्या मुलाची एखाद्या सत्राची फी भरता येईल काय, हेही हलकेच पाहावे. झाड उठेल की नाही, हे झाडाच्या मुळीवर आहे. त्याला मोठे होण्याइतका अवकाश मिळेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी शेजाऱ्यांवर आहे.