मरणोत्तर गौरव कोणासाठी?

मृतांचा गौरव करणे सोपे असते, कारण मृत माणूस आपल्याकडे काही मागत नाही. संदेष्ट्यांच्या कबरी सजविणाऱ्यांना प्रभू येशूने खडसावले होते, याचा आम्हांला कधीकधी विसर पडतो.

जॅझ आणि ब्लूज संगीतातील थोर अमेरिकन गायिका बिली हॉलिडे (१९१५-१९५९) हिच्यासंबंधी हा विचार विशेष बोचतो. ती कॅथलिक होती. वयाच्या नवव्या वर्षी, शाळा बुडविते म्हणून, तिला बाल्टिमोर येथील धर्मभगिनींच्या सुधारगृहात धाडण्यात आले. तेथेच १९२५ साली तिचा बाप्तिस्मा झाला. जमावाने झाडाला टांगून मारलेल्या कृष्णवर्णीयांची व्यथा सांगणारे 'स्ट्रेंज फ्रूट' तिने १९३९ साली ध्वनिमुद्रित केले. पुढे ती व्यसनाच्या आहारी गेली. १९४७ साली तिला तुरुंगवास घडला. सुटकेनंतर न्यूयॉर्कच्या मद्यगृहांत गाण्याचा परवानाही मिळेना. १९५९ साली इस्पितळातील खाटेवरच तिला अटक झाली आणि खोलीच्या दाराशी पोलिसांचा पहारा बसला. त्याच इस्पितळात १७ जुलै रोजी ती वारली.

२०१० साली गायिका डी डी ब्रिजवॉटर यांनी तिच्या स्मरणार्थ एक गीतसंग्रह काढला. त्याला २०११ साली ग्रॅमी पुरस्कारही लाभला. शीर्षकात त्यांनी 'एलिनोरा फेगन' हे तिचे मूळ नाव घातले. बिलीच्या आवाजाची नक्कल त्यांनी केली नाही. तिची गीते स्वतःच्या भरदार गळ्याने गायिली. कीर्तीआडच्या मुलीला नावाने हाक मारणारी ही मानवंदना आम्हांला प्रामाणिक वाटते. तरीही दाराशी बसलेला तो पहारा कोणत्याही गीताने आता उठणार नाही.

मग असा गौरव निरर्थक मानावा काय? तसे नाही. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांत गणले आहे. परंतु ते त्या यादीत सर्वांत शेवटी येते. अंतिम न्यायाच्या प्रसंगी प्रभू ज्यांविषयी विचारणार आहे, त्यांत आजारी आणि बंदिवान आहेत. मृतांचा तेथे उल्लेख नाही. बिली एकाच खाटेवर आजारीही होती आणि बंदिवानही.

न्यायाचे जे ऋण मृताला फेडता येत नाही, ते माफ होत नाही. ते जिवंतांच्या नावे चढते. आपल्या धर्मग्रामातील व्यसनी माणूस गुणी नसेल, त्याच्या नावे कोणी गीतसंग्रहही काढणार नाही. तो आज आजारी आहे. बिलीची गीते ऐकून डोळे पाणावले असतील, तर आपण त्याच्या घरी जाऊन यावे.